बंगालच्या साठ मेंढ्या आणि एक भांडखोर कॅप्टन

१९६६ साली ऑस्ट्रेलियाने पौंड-शिलिंगचा हिशेब सोडून डॉलर स्वीकारला. तेव्हा निघालेल्या दोन डॉलरच्या हिरव्या नोटेवर दोन शेतीवाले होते. एका बाजूला गव्हाची वाणं तयार करणारे विल्यम फॅरर, आणि दुसऱ्या बाजूला एक करारी चेहऱ्याचा गृहस्थ, शेजारी वळणदार शिंगांचा मेरिनो मेंढा. हा गृहस्थ म्हणजे जॉन मॅकआर्थर. (दुसऱ्या महायुद्धातला जनरल तो वेगळा.) १९८८ मध्ये नोट जाऊन तिच्या जागी नाणं आलं, पण तोवर ऑस्ट्रेलियातल्या पोरासोरांनाही ‘लोकर धंद्याचा जनक’ म्हणून हा चेहरा पाठ झाला होता.

या जनकाचं चरित्र वाचायला घेतलं की आधी मेंढ्या दिसतच नाहीत. दिसतात ती भांडणं. त्याने वरिष्ठ अधिकाऱ्यावर पिस्तूल झाडलं, एका गव्हर्नरला जेरीस आणलं आणि दुसऱ्याला पदावरून खाली खेचलं. ज्या देशाने नोटेवर छापून त्याचा मान केला, त्याच देशात पाऊल ठेवलं तर खटला भरू, अशा धाकाखाली त्याला आठ वर्षं काढावी लागली. आणि गंमत अशी की ही भांडणं वजा केली, तर मेंढ्यांची गोष्टही उरत नाही.

मॅकआर्थरचा बाप्तिस्मा १७६७ सालचा, प्लिमथजवळचा. वडील कापडवाले, बायकांच्या चोळ्या-कंचुक्याही शिवून विकणारे. पुढे हा माणूस बडा जमीनदार झाला तेव्हा विरोधकांनी या धंद्यावरून त्याला टोपणनाव ठेवलं आणि ते त्याला आयुष्यभर झोंबलं. सैन्यात त्याचं फारसं काही जमत नव्हतं. मग न्यू साउथ वेल्सच्या नव्या वसाहतीसाठी उभारलेल्या पलटणीत त्याने लेफ्टनंटची जागा पकडली. वसाहत कैद्यांची, जगाच्या पार दुसऱ्या टोकाला. बरोबर बायको एलिझाबेथ आणि कडेवरचं पोर. जहाजाने इंग्लंडचा किनाराही सोडला नव्हता, तोच कप्तानाशी वाजलं आणि प्लिमथच्या धक्क्यावर द्वंद्वयुद्ध झालं. गोळी कुणालाच लागली नाही. कप्तान मात्र बदलला गेला, आणि नवा आला तो त्याहून वाईट निघाला. ‘दुसरा ताफा’ म्हणून इतिहासात बदनाम झालेल्या त्या जहाजांवर कैद्यांपैकी सुमारे चौथा हिस्सा वाटेतच मेला. एलिझाबेथला जहाजावर मुलगी झाली, तीही जगली नाही. २८ जून १७९० रोजी हे कुटुंब सिडनीला उतरलं तेव्हा वसाहत उपाशी होती.

उपाशी वसाहतीत अधिकारी असणं मात्र फायद्याचं होतं. १७९३ मध्ये मॅकआर्थरला परामटा इथे १०० एकर जमीन मिळाली. राबायला कैदी सरकारनेच दिले. आपण त्याला शेतकरी म्हणतो ते त्या काळच्या अर्थाने. नांगराची मूठ त्याच्या हातात किती वेळा आली असेल, याबद्दल शंका घ्यायला भरपूर जागा आहे. जमिनीला त्याने बायकोचं नाव दिलं, एलिझाबेथ फार्म. तिथलं घर अजून उभं आहे आणि युरोपियनांनी ऑस्ट्रेलियात बांधलेल्या, आज शिल्लक असलेल्या इमारतींत ते सगळ्यात जुन्यांपैकी एक धरतात. जमीन मुळात दारुग लोकांची होती. त्यांना कुणी विचारलं नाही, आणि त्यांचा पेमुलवुय हा लढवय्या पुढे १८०२ मध्ये मारला जाईपर्यंत वसाहतवाल्यांशी झुंजत राहिला.

आता मेंढ्या. त्या काळात सिडनीला जवळची मोठी बाजारपेठ म्हणजे कलकत्ता. तिथून येणाऱ्या जहाजांत तांदूळ, साखर, कापड असायचं आणि बंगालची रमही. पलटणीतले अधिकारी ही रम घाऊक घेऊन अव्वाच्या सव्वा भावाने विकत. १७९३-९४ च्या सुमारास मॅकआर्थरने कलकत्त्याहून आलेली साठ बंगाली मेंढरं घेतली, त्यात मेंढ्याही होत्या आणि कोकरंही. खाटकाशिवाय कुणी त्यांच्याकडे ढुंकून पाहिलं नसतं. चण लहान आणि अंगावर लोकर कसली, शेळीसारखे राठ केस. थोड्याच दिवसांनी आयर्लंडहून आलेल्या एका जहाजाच्या कप्तानाकडून त्याला दोन आयरिश मेंढ्या आणि एक तरणा मेंढा मिळाला. त्याने दोन्ही जाती एकत्र सोडल्या. कोकरं झाली तेव्हा त्यांच्या अंगावर केस आणि लोकर एकमेकांत मिसळून आलेले. लोकरीच्या धंद्याची कल्पना आपल्याला सुचली ती हे पाहून, असं त्याने स्वतःच पुढे लिहून ठेवलं आहे.

त्या कोकरांच्या कातडीत काय घडलं होतं, हे कळायला विज्ञानाला आणखी दीडशे वर्षं लागायची होती. मेंढीच्या कातडीत केसांची मुळं दोन तऱ्हेची असतात. पहिली मुळं आईच्या पोटात आधी तयार होतात, त्यांतून जाड, सरळ केस निघतो. दुसरी मुळं मागाहून, पहिल्यांच्या आजूबाजूला दाटीने उगवतात आणि त्यांतून बारीक लोकर येते. रानटी मेंढीत वरचा राठ कोट मोठा आणि आतली लोकर नावाला, तीही उन्हाळा आला की गळून जायची. माणसाने हजारो वर्षं निवड करत हे प्रमाण उलटं करत नेलं. बहुतेक जातींत एका जाड मुळामागे तीन ते पाच बारीक मुळं असतात. मेरिनोत हा आकडा वीसच्या घरात जातो. तिची लोकर साधारण २० मायक्रॉन जाडीची, म्हणजे आपल्या डोक्यावरच्या केसाच्या तिसऱ्या हिश्शाएवढी. आमच्या दख्खनी मेंढीची लोकर याच्या दुप्पट-अडीचपट जाड भरते. म्हणून तिचं घोंगडं होतं, शाल होत नाही.

मेरिनोच्या खांद्यावरची लोकर दोन्ही अंगठ्यांनी फाकवून पाहिली तर चकित व्हायला होतं. वरून मेंढी मळकट, धुळीने करडी झालेली. फट पडली की आत दुधाच्या सायीच्या रंगाची लोकर, प्रत्येक धागा बारीक नागमोडी, सगळे धागे एका लयीत वळलेले, आणि तळाशी गुलाबी कातडी. बोटांना मेणचट तूप लागतं, ते लॅनोलिन. पाऊस, धूळ वरच अडते. ही लोकर आपसूक गळत नाही, वाढतच राहते. माणसाने कातरली नाही तर मेंढी त्या ओझ्याखाली बेजार होते.

ही मेरिनो स्पेनची मिरास. शतकानुशतकं स्पेनने ती देशाबाहेर जाऊ दिली नव्हती. अठराव्या शतकात बंधनं सैलावली आणि राजे एकमेकांना मेरिनो भेट देऊ लागले. स्पेनच्या राजाने डचांना दिलेल्या काही मेंढ्या आफ्रिकेच्या टोकाला, केप वसाहतीत पोहोचल्या आणि तिथले सेनाधिकारी रॉबर्ट गॉर्डन यांनी त्यांची वीण राखली. १७९५ मध्ये इंग्रजांनी केप घेतलं, गॉर्डननी आत्महत्या केली, आणि १७९७ मध्ये सिडनीसाठी धान्य-गुरं घ्यायला आलेल्या वॉटरहाउस आणि केंट या दोन इंग्रज कप्तानांनी त्यांच्या विधवेकडून काही मेरिनो विकत घेतल्या. प्रवासात बऱ्याच दगावल्या. उरलेल्यांची वाटणी चार-सहा जणांत झाली आणि मूठभर मॅकआर्थरला मिळाल्या. इतरांनी त्या आपल्या कळपांत कशाही मिसळू दिल्या, आपण मात्र शुद्ध वीण वेगळी ठेवली, असा त्याचा दावा. सॅम्युअल मार्सडेन नावाचे धर्मोपदेशकही त्याच काळात चिकाटीने कळप सुधारत होते. त्यांनी आपली लोकर इंग्लंडला नेऊन लीड्समध्ये तिचं कापड विणून घेतलं आणि त्याचे कपडे घालून ते राजाला भेटले. तेव्हा ‘जनक’ हा किताब वाटून घ्यायला हवा. पण नोटेवर जागा एकाचीच होती.

इथवर मॅकआर्थर म्हणजे वसाहतीतला एक सधन मेंढरंवाला, बस. पुढचं घडलं ते पिस्तुलामुळे.

गव्हर्नर फिलिप किंगशी त्याचं वाजलं. सगळ्या अधिकाऱ्यांनी गव्हर्नरच्या घरी जाणं-येणं बंद करावं, असा त्याचा आग्रह. त्याचे वरिष्ठ, कर्नल विल्यम पॅटरसन, ऐकेनात. तेव्हा या गृहस्थाने पॅटरसनबाईंनी एलिझाबेथला लिहिलेल्या खासगी पत्रातला मजकूर चारचौघांत फोडला. सप्टेंबर १८०१ मध्ये द्वंद्वयुद्ध झालं, पॅटरसनच्या खांद्यात गोळी घुसली. किंगने मॅकआर्थरला लष्करी खटल्यासाठी इंग्लंडला रवाना केलं. ब्याद टळली, असंच त्याला वाटलं असणार.

आरोपी जहाजावर चढला तो लोकरीचे नमुने घेऊन! वाटेत जहाज मोलुकास बेटांतल्या अंबोयनाला थांबलं. तिथला तरुण इंग्रज रेसिडेंट रॉबर्ट फर्क्युहार अडचणीत होता, मॅकआर्थरने त्याला सल्ला दिला. तरुणाचे वडील निघाले युवराजाचे वैद्य. लंडनला पोहोचेपर्यंत दरबारात ओळख तयार! लष्करी खटला उभाच राहिला नाही, कारण साक्षीदार सगळे सिडनीत. हे प्रकरण तिथेच मिटवायला हवं होतं, असं लंडनच्या अधिकाऱ्यांचं म्हणणं पडलं.

आणि वेळ कोणती, तर १८०३. नेपोलियनशी पुन्हा युद्ध पेटलेलं. इंग्लंडच्या उंची कापडाच्या गिरण्या स्पेनच्या लोकरीवर चालत, आणि ती कधी बंद होईल याचा नेम नाही. अशा वेळी गिरणीवाल्यांच्या पुढ्यात एका ब्रिटिश वसाहतीची मऊ लोकर येऊन पडली. मॅकआर्थरने लागलीच निवेदन लिहून सरकारला दिलं, आकडे फुगवून आणि आत्मविश्वासाने. निसर्गशास्त्रज्ञ सर जोसेफ बँक्स यांना ते पटलं नाही. वसाहतमंत्री लॉर्ड कॅमडेन यांना पटलं. हुकूम निघाला, मॅकआर्थरला वसाहतीत ५,००० एकर चराई जमीन द्यावी. ज्या माणसाला शिक्षेसाठी पाठवलं, तो जहागीर घेऊन परत निघाला.

जाताना त्याने आणखी एक हात मारला. ‘शेतकरी जॉर्ज’ म्हणून ओळखला जाणारा राजा तिसरा जॉर्ज स्वतः मेरिनो पाळायचा. ऑगस्ट १८०४ मध्ये त्या शाही कळपातल्या काहींचा क्यू इथे लिलाव झाला आणि मॅकआर्थरने बोली लावली. जिवंत मेंढ्या देशाबाहेर नेण्यावर कायद्याने बंदी होती. त्याने खास परवाना मिळवला. जहाजाचं नाव ‘आर्गो’. ग्रीक पुराणात सोनेरी लोकर आणायला गेलेल्या वीरांच्या नावेचं नाव हेच. मॅकआर्थरच्या जहाजाच्या नाळेवर सोनेरी लोकरीचं शिल्पही होतं. माणूस भांडखोर खरा, पण जाहिरात त्याला कळत होती.

जमीन त्याने निवडली ती काउपास्चर्सची. या नावामागेही एक अजब गोष्ट आहे. १७८८ मध्ये पहिल्या ताफ्याने केपहून आणलेल्या मोजक्या गाई आणि दोन वळू गुराख्याच्या हलगर्जीपणामुळे रानात पळाले. सगळ्यांनी त्यांची आशा सोडली. सात वर्षांनी नेपियन नदीपलीकडे साठएक गुरांचा गुटगुटीत कळप चरताना सापडला! उत्तम गवत कुठे आहे, हे सर्वेक्षकांच्या आधी त्या चुकलेल्या गाईंनी शोधून काढलं होतं. ते कुरणही मोकळं पडलेलं नव्हतं. धारावल आणि शेजारच्या लोकांनी पिढ्यानपिढ्या आग लावून, गवत राखून ते तसं ठेवलं होतं. याच मुलखालगत ॲपिनला १७ एप्रिल १८१६ च्या पहाटे सैनिकांनी किमान १४ आदिवासींचा बळी घेतला. काही गोळ्यांनी मेले, काही कड्यावरून खाली पडून. मेंढ्यांसाठी जमीन मोकळी झाली ती अशी.

मॅकआर्थर तेव्हा तिथे नव्हता. पुन्हा भांडण! १८०६ मध्ये विल्यम ब्लाय गव्हर्नर म्हणून आला. ‘बाउंटी’ जहाजावर ज्याच्याविरुद्ध बंड झालं, तोच हा ब्लाय. लोकरीच्या थोर भवितव्याबद्दल मॅकआर्थर सांगू लागला, तर तुझ्या मेंढ्यांशी मला काय करायचंय, या अर्थाचं काहीतरी ब्लाय खेकसला म्हणे. हे सांगतो मॅकआर्थरच, तेव्हा चिमूटभर मीठ घालून घ्यावं. ब्लायने रमची अदलाबदल बंद केली, जमिनींचे व्यवहार तपासले. मॅकआर्थरच्या जहाजातून एक कैदी पळाला म्हणून ९०० पौंडांचा जामीन जप्त झाला. त्याने भरायला नकार दिला. खटला उभा राहिला २५ जानेवारी १८०८ रोजी. न्यायाधीश रिचर्ड ॲटकिन्स माझेच पैसे देणं लागतो, तो माझा न्याय काय करणार, असा मॅकआर्थरचा आक्षेप. कायद्याच्या नजरेने पाहिलं तर मुद्दा चुकीचा नव्हता. खंडपीठातले सहा लष्करी अधिकारी आरोपीच्या बाजूला गेले. दुसऱ्या दिवशी, वसाहतीच्या विसाव्या वाढदिवशी, मेजर जॉन्स्टनच्या मागे पलटण बँड वाजवत गव्हर्नरच्या घरावर चालून गेली. ब्लायला पलंगाखालून ओढून काढला, असं सैनिकांनी सांगितलं आणि तसं चित्रही काढून घेतलं. ब्लायने शेवटपर्यंत ते नाकारलं. ऑस्ट्रेलियाच्या इतिहासात लष्कराने सरकार उलथलं ते एवढं एकदाच. बंडखोर सरकारात मॅकआर्थर ‘वसाहत-सचिव’ झाला, बिनपगारी, आणि काही महिने कारभार त्यानेच हाकला.

किंमत मोजावी लागली. १८०९ मध्ये तो आणि जॉन्स्टन बाजू मांडायला लंडनला गेले. जॉन्स्टन १८११ मध्ये सैन्यातून बडतर्फ झाला. मॅकआर्थरने आधीच लष्कर सोडलं होतं, त्यामुळे इंग्लंडमध्ये त्याच्यावर खटला चालेना. पण सिडनीत उतरला की चालणार होता. १८१७ पर्यंत तो परतू शकला नाही.

या आठ वर्षांत ऑस्ट्रेलियाची लोकर खऱ्या अर्थाने घडली, आणि ती घडवली एलिझाबेथने. आधीच्या गैरहजेरीतही कारभार तिनेच सांभाळला होता. १८०४ मध्ये कासल हिलला आयरिश कैद्यांनी उठाव केला तेव्हा रातोरात पोरांना घेऊन तिला परामटाहून नदीमार्गे सिडनी गाठावी लागली होती. आता परामटाचं घर, काउपास्चर्सचे कळप, कैदी मजूर, विक्री, हिशेब सगळं तिच्या अंगावर. नवऱ्याची पत्रं यायची ती सहा-सहा महिन्यांनी. गिरणीवाल्यांना काय हवं, कोणता मेंढा ठेवा, लोकर धुऊन-वर्गवारी करून गठ्ठे कसे बांधा. सल्ला पोहोचेपर्यंत हंगाम उलटलेला असे, निर्णय तिलाच घ्यावे लागत. कैदी मेंढके दिवसभर कळप चारत आणि रात्री डिंगो, म्हणजे तिथले रानकुत्रे, यांच्या भीतीने हलवता येणाऱ्या कुंपणात कोंडत. आपल्याकडच्या धनगराची वाघर तीच, जाळीऐवजी लाकडाची. गव्हर्नर मॅक्वारीने शेतीसुधारणेची दखल घेऊन तिला ६०० एकर जमीन दिली. १८२१ मध्ये लंडनच्या लिलावात मॅकआर्थरांच्या एका गठ्ठ्याला पौंडाला १० शिलिंग ४ पेन्स असा विक्रमी भाव आला. पुढच्या वर्षी सोसायटी ऑफ आर्ट्सने दोन सुवर्णपदकं दिली. ती जॉनच्या नावाने. १८५० च्या सुमारास ब्रिटन बाहेरून आणत असलेल्या लोकरीतली जवळजवळ निम्मी ऑस्ट्रेलियाची होती.

परतल्यावर त्याचं राजकारण सुटलं नाही. राजकारणात पडायचं नाही, या अटीवरच त्याला येऊ दिलं होतं, तरी १८२५ मध्ये तो विधिमंडळात नेमला गेला. उदासीचे झटके त्याला पूर्वीपासून येत. शेवटी तोल पूर्ण गेला, बायकोवर व्यभिचाराचे आळ घेऊन त्याने तिला घराबाहेर काढलं. १८३२ मध्ये वेडामुळे त्याचं सदस्यत्व काढून घेतलं गेलं आणि एप्रिल १८३४ मध्ये तो कॅमडेनला वारला. एलिझाबेथ त्यानंतर १६ वर्षं जगली. आज कॅमडेन पार्कच्याच जमिनीवर मेनँगल इथे सरकारी कृषी संशोधन संस्था आहे. तिला नाव एलिझाबेथ मॅकआर्थरचं.

आता पुन्हा त्या राठ केसांच्या बंगाली मेंढ्यांकडे वळू. मेरिनो आल्यावर त्यांना कोण विचारतो? पण शुद्ध विणीच्या सगळ्या गप्पा असूनही वसाहतीतल्या कळपांत त्यांचं रक्त झिरपत राहिलं. त्याचा पत्ता लागला विसाव्या शतकात. न्यू साउथ वेल्समध्ये कूमाजवळ ‘बुरूला’ नावाच्या फार्मवर दोन भावांनी जुळी-तिळी देणाऱ्या मेरिनो मेंढ्या निवडून वेगळा कळप केला होता. सरकारी शास्त्रज्ञांनी त्याचा अभ्यास केला, आणि कारण निघालं एका जनुकातला एकच बदल. एरवी मेंढीच्या अंडाशयात बहुधा एकच बीज पुरतं पिकतं, बाकीची मागे पडतात. या बदलामुळे बीजं लहान असतानाच पिकतात, म्हणून एका वेळी दोन-तीन सुटतात. ‘फेकबी’ म्हणतात या बदलाला. २००१ मध्ये त्याची नेमकी जागा सापडली. पाठोपाठ सुंदरबनातल्या गारोल जातीच्या मेंढ्या तपासल्या, आणि तोच बदल, त्याच जागी! अठराव्या शतकाच्या शेवटी बंगालहून सिडनीला गेलेल्या मेंढ्यांनीच तो नेला, असं आता मानलं जातं. तो मॅकआर्थरच्याच साठांतून आला असं म्हणता येणार नाही. बंगाली मेंढ्या ठेवणारा तो एकटा नव्हता, आणि बुरूलाचा माग बहुधा मार्सडेन यांच्या कळपाकडे जातो. पण मौज पाहा. या मेंढ्यांच्या पाठीवर काय आहे ते सगळे पाहत होते, पोटात काय आहे ते कुणाच्याच लक्षात आलं नाही.

या गोष्टीचं एक टोक सातारा जिल्ह्यातही आहे. आमची दख्खनी मेंढी वेताला बहुधा एकच कोकरू देते. फलटणच्या निंबकर कृषी संशोधन संस्थेने १९९० च्या दशकात सुंदरबनातून गारोल मेंढ्या आणल्या आणि लोणंद भागातल्या दख्खनी मेंढ्यांशी त्यांचा संकर केला. पुढे पुण्याची राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळा आणि ऑस्ट्रेलियातलं न्यू इंग्लंड विद्यापीठही कामात आलं. गारोल फारच बुटकी, म्हणून पिढ्यानपिढ्या पुन्हा दख्खनीकडे वळवत, चण आपली ठेवून फक्त तो एक बदल उचलायचा, असं हे काम. त्यातून ‘नारी सुवर्णा’ हा वाण उभा राहिला आणि धनगरांच्या कळपांत गेला. मेंढा निवडताना त्याच्या रक्ताची डीएनए तपासणी करतात, कारण नराच्या अंगावर जुळ्यांची खूण कुठे दिसणार? बदलाच्या दोन्ही प्रती ज्याच्याकडे असतील तो मेंढा कळपात सोडला, की त्याच्या प्रत्येक पाटीकडे, म्हणजे मादी कोकराकडे, एक प्रत हमखास जाते, आणि ती विण्याजोगी झाली की जुळ्यांची शक्यता वाढते. लोकरीला आज गावात भाव नाही, कातरणीचे पैसेही सुटत नाहीत. धनगराचा हिशेब कोकरांवर चालतो.